कॉलेज न पाहिलेला घटनाकार

राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेच्या घटनेचे पाचवे कलम चालू असताना जॉर्ज मेसन हे नाव मी प्रथम ऐकले. आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. आणि या घटनाकाराने तर कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती! कुतूहल वाटले व ग्रंथालयात त्याच्या मागे लागलो.

मेसन १७२५ साली व्हर्जिनियात जन्मला. लहानपणीच वडील पोटोमॅक नदीत बुडून वारले. जॉन मर्सर या नातलगाच्या ग्रंथसंग्रहात बसून तो कायदा शिकला. १७७६ चा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा मुख्यत्वे त्याच्याच हातचा. गुलामांच्या व्यापारावर तो कडाडून बोलला, पण स्वतःचे गुलाम त्याने मृत्युपत्रातही मुक्त केले नाहीत. हे वाचून मी वही मिटून ठेवली होती.

पुन्हा उघडली ती १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेसाठी. दुरुस्तीच्या कलमाचा मसुदा असा होता की, दुरुस्त्या सुचवायच्या त्या काँग्रेसनेच. १५ सप्टेंबरला मेसन उठला. सरकारच जुलमी झाले तर ते स्वतःला वेसण कशाला घालून घेईल, हा त्याचा आक्षेप. तेव्हा दोन तृतीयांश राज्यांनी मागणी केल्यास काँग्रेसने परिषद बोलावलीच पाहिजे, अशी तरतूद झाली. तिचे नियम कोणते, मते कशी मोजायची, ही मॅडिसनची शंका मात्र तशीच राहिली.

राज्यांनी एकच विषय नेमून दिला तर परिषद त्याला बांधील राहील काय? कलम याविषयी मुके आहे. परिषदेने फक्त सुचवायचे, मान्यता तीन चतुर्थांश राज्यांची; शिवाय सिनेटमधील समान मताचा हक्क त्या राज्याच्या संमतीवाचून काढता येत नाही. एवढी कुंपणे पुरेत, असे मलाही आधी वाटले. पण खुद्द फिलाडेल्फियाची परिषद जुन्या करारनाम्याच्या डागडुजीसाठी बोलावलेली! तिने तो करारनामाच बाजूला सारला आणि तेरा राज्यांच्या एकमताची अट नऊवर आणली. मेसन त्याच सभागृहात बसलेला होता. काँग्रेसच्या भीतीपुढे त्याला परिषदेची भीती वाटली नसावी, असे माझे मत.

हक्कांची सनद नाही म्हणून त्याने घटनेवर सही केली नाही. त्यापायी शेजारी वॉशिंग्टनशी असलेला जुना स्नेह आटला. १७९१ मध्ये हक्कांच्या दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या, त्याही मॅडिसनने काँग्रेसमध्ये मांडलेल्या. पुढच्याच वर्षी मेसन वारला. आजवर सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. त्याने उघडून घेतलेल्या दारातून एकही आलेली नाही.