चिनी शिकवणं गुन्हा होतं, तरी रॉबर्ट मॉरिसन कँटनमध्ये लपूनछपून चिनी शिकलाच

आज कुणाला चिनी शिकायची असेल तर मोबाइलवर ॲप आहेत, क्लासेस आहेत, स्कॉलरशिप मिळाली तर थेट बीजिंगच्या होस्टेलवर राहून शिकता येतं. पण दोनशे वर्षांपूर्वी चीनमध्ये परदेशी माणसाला चिनी शिकवणं हाच गुन्हा होता. आणि जिवावर बेतायचं ते शिकणाऱ्याच्या नाही, शिकवणाऱ्याच्या.

याला कारण होतं १७५९ चं एक प्रकरण. जेम्स फ्लिंट नावाचा इंग्रज व्यापारी चिनी भाषेतला तक्रारअर्ज घेऊन उत्तरेकडे गेला आणि तो अर्ज सम्राटापर्यंत पोहोचवला. फ्लिंटला मकावमध्ये तीन वर्षं कैदेत टाकलं. पण अर्ज लिहायला मदत करणाऱ्या चिनी माणसाचं मुंडकं उडवलं गेलं.

अशा देशात १८०७ च्या सप्टेंबरमध्ये २५ वर्षांचा रॉबर्ट मॉरिसन उतरला.

मॉरिसन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थम्बरलँडचा. वडील बुटांचे लाकडी साचे बनवायचे, पोरगंही चौदाव्या वर्षी त्याच कामाला लागलं. काम सांभाळून तो शिकला आणि पुढे लंडन मिशनरी सोसायटीत दाखल झाला. बायबल चिनी भाषेत आणणं हे त्याला दिलेलं काम होतं.

पण लंडनमध्ये चिनी शिकवणार कोण?

योंग सॅम-टॅक नावाचा एक कँटनी तरुण तिथे सापडला. दोघं एकत्र राहायला लागले. एकदा योंगने सरावासाठी काही अक्षरं लिहून दिली. ती पाठ झाल्यावर मॉरिसनने कागद शेकोटीत टाकला. झालं! चीनमध्ये लिहिलेल्या कागदाला मोठा मान. पुस्तकाला पाय लागला की आपण पाया पडतो ना, तसंच काहीसं. योंग इतका भडकला की तीन दिवस त्याने शिकवलंच नाही. त्यानंतर तो अक्षरं पत्र्याच्या तुकड्यावर लिहून द्यायचा, म्हणजे पुसता येतील आणि जाळायचा प्रश्नच नको.

पुस्तकांचीही बोंब होती. ब्रिटिश म्युझियममध्ये नव्या कराराच्या काही भागांचं एक चिनी हस्तलिखित होतं आणि रॉयल सोसायटीकडे लॅटिन-चिनी शब्दकोश. मॉरिसनने दोन्ही हाताने उतरवून काढले.

चीनला जायची वेळ आली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्याला जहाजावर घ्यायला नकार दिला. मिशनऱ्यांमुळे चिनी अधिकारी बिथरले तर चहाचा धंदा बसेल, ही भीती. मग हा गडी आधी न्यूयॉर्कला गेला आणि तिथून अमेरिकन जहाजाने कँटनला. तिथे सुरुवातीला तो अमेरिकन म्हणूनच वावरला, अमेरिकन व्यापाऱ्यांच्याच वखारीत राहिला.

कँटनमध्ये परदेशी लोकांना शहराबाहेर नदीकाठच्या वखारींच्या पट्ट्यातच राहता यायचं, तेही व्यापाराच्या हंगामात. हंगाम संपला की गाशा गुंडाळून मकाव. जॉर्ज स्टाँटन या कंपनीच्या अधिकाऱ्याने मॉरिसनला शिक्षक मिळवून दिला. हा स्टाँटन स्वतः लहानपणी ब्रिटिश शिष्टमंडळासोबत चीनला जाताना चिनी शिकला होता. पुढे मॉरिसनला आणखी शिक्षक मिळाले, पण सगळं चोरून. त्यातला एक जण तर सोबत विष बाळगायचा असं सांगतात, म्हणजे पकडला गेलाच तर हालहाल होऊन मरायला नको.

मॉरिसनने सुरुवातीला चिनी कपडे घातले, नखं वाढवली, वेणीही ठेवली. काड्यांनी जेवायचा. पण प्रकृती ढासळली, शिवाय या वेशामुळे लोकांच्या नजरेत जास्तच यायला लागला. मग त्याने हा नाद सोडला.

२० फेब्रुवारी १८०९ ला मकावमध्ये त्याचं मेरी मॉर्टनशी लग्न झालं आणि त्याच दिवशी त्याला नोकरी लागली. वर्षाला ५०० पौंड पगार, काम अनुवादकाचं आणि मालक कोण, तर जहाजावर जागा न देणारी ईस्ट इंडिया कंपनी! बंगालमधली कंपनीची अफू व्यापाऱ्यांमार्फत चोरट्या मार्गाने चीनमध्ये जात होती तो हा काळ. धर्म शिकवायला आलेल्या माणसाने तिची चाकरी करावी हे आज खटकतं, पण या नोकरीशिवाय त्याला तिथे राहताच आलं नसतं.

१८१५ ते १८२३ या काळात त्याचा शब्दकोश सहा खंडांत छापून झाला. पहिला मोठा चिनी-इंग्रजी शब्दकोश तो हाच. बायबलही १८२३ मध्ये पूर्ण छापलं गेलं, पण तिथे त्याचा पहिला नंबर हुकला. बंगालमधल्या श्रीरामपूरहून जोशुआ मार्शमनने आदल्याच वर्षी चिनी बायबल काढलं होतं. हे तेच श्रीरामपूर, जिथून विल्यम कॅरेने मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश छापला.

मेरी मात्र हे सगळं पाहायला उरली नाही. १८२१ मध्ये मकावला ती कॉलऱ्याने गेली. कॅथलिक मकावमध्ये प्रोटेस्टंट बाईला पुरायला जागाच नव्हती. शेवटी कंपनीने जमिनीचा तुकडा विकत घेतला आणि त्या दफनभूमीतली पहिली कबर मेरीची झाली. १ ऑगस्ट १८३४ ला मॉरिसन कँटनमध्ये वारला, वय ५२. त्यालाही तिथेच आणलं.

त्यांचा मुलगा जॉन बापाकडूनच चिनी शिकला होता. पहिल्या अफू युद्धात चीन हरल्यावर १८४२ मध्ये नानजिंगच्या तहाची बोलणी झाली, तेव्हा ब्रिटिशांचा दुभाषी तोच होता.