आपल्या काळ्या दगडाचं वय विचारणारे हिस्लॉप साहेब

नागपुरात शिकायला गेलेल्या पोरांना हिस्लॉप कॉलेज माहीत असतंच. पण ज्यांच्या नावाचं हे कॉलेज, ते स्टीफन हिस्लॉप आपल्याच हिंगणा तालुक्यातल्या टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात गेले, हे तिकडच्या गावांतही फार जणांना ठाऊक नसेल. तारीख होती 4 सप्टेंबर 1863. धर्मप्रचार आणि शाळा ही त्यांची मुख्य कामं. पण आपल्या शेतात, विहिरीत, खदानीत जो काळा दगड लागतो, तो किती जुना, हा प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव घ्यावं लागतं.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहान गावातला. शिक्षण एडिनबरो आणि ग्लासगोला झालं. 1844 च्या शेवटी ते मुंबईला उतरले आणि पुढच्या वर्षी नागपूरला आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. कामठीला इंग्रजांची छावणी होती. हिस्लॉप मराठी शिकले, शाळा काढली, गावोगाव घोड्यावर फिरले. धर्माच्या कामावरून त्यांच्याशी लोकांचे खटकेही उडाले, पण तो वेगळा विषय आहे. 1847 मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री त्यांच्या जोडीला आले आणि दोघांना दगडांचं वेडच लागलं.

वेड लागावं अशीच ही जागा आहे. काळ्या दगडाचं पठार पश्चिमेकडून येतं आणि नागपूरपाशी संपतं. काटोल, हिंगण्याकडे गेलं की काळा दगड. कामठी, सिल्लेवाड्याकडे वाळूचा दगड आणि पोटात कोळसा. भंडाऱ्याच्या दिशेने गेलं की त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड. घोड्यावरच्या माणसाला एका दिवसात तीन काळांवरून जाता येतं. पुण्याकडे हे जमत नाही, तिथे सगळीकडे काळा दगडच.

नागपूरला लागून टाकळी आहे. आज ती शहरात पार मिसळून गेली, तेव्हा वेगळं गाव होतं. तिथे या दोघांना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक पातळ थर सापडला. त्यात गोगलगायींचे शंख होते, फळं आणि बिया होत्या, भुंग्यांच्या पाठीची कवचंसुद्धा होती. सगळं दगड झालेलं. असे शंख त्याआधी माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी हिंगणघाटजवळ चिकणीला पाहिले होते. पण टाकळीएवढा माल कुणाच्या हाती आला नव्हता.

आता यावरून वय कसं काढायचं?

पहिला हिशोब साधा आहे. गोदामात गोणीवर गोणी रचली की खालची आधी ठेवलेली असते. दगडाचंही तसंच. खाली लाव्हारस वाहून थंड झाला. त्यावर पाणी साचून तळं झालं, तळ्यात गोगलगायी वाढल्या, काठावर झाडं उगवली. मग वरून पुन्हा लाव्हारस आला आणि तळं झाकलं गेलं. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे बराच काळ शांततेत गेला होता. शिवाय हे शंख गोड्या पाण्यातले, म्हणजे इथला लाव्हारस समुद्राच्या तळाशी वाहिला नाही, उघड्या जमिनीवर वाहिला. बोअर मारताना मशीनवाला कधीकधी सांगतो ना, काळा पत्थर लागला, मग मऊ माती, मग परत काळा पत्थर? त्यातली काही मऊ माती अशा जुन्या तळ्यांचीही असू शकते.

पण गोणीच्या हिशोबाने फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढंच कळतं. नेमका काळ सांगायला ओळखीची खूण लागते. पडक्या भिंतीच्या गाऱ्यात भोसल्यांचं नाणं निघालं, तर ती भिंत भोसल्यांच्या आधीची नाही हे कुणीही सांगेल. दगडात नाण्याचं काम जीवाश्म करतात. प्रत्येक काळाचे प्राणी वेगळे, आणि एकदा गेलेली जात परत येत नाही. युरोपात कुठल्या थरात कुठले शंख निघतात याच्या याद्या तोवर तयार होत्या. हिस्लॉप यांनी आपले शंख त्यांच्याशी ताडून पाहिले. दूर आंध्रात राजमहेंद्रीजवळही काळ्या दगडात शंखांचा असाच थर होता, खाडीच्या पाण्यातला. तोही त्यांनी जोडीला घेतला. 1855 मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या दगडांवरचा मोठा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, 1860 मध्ये हिस्लॉप यांचा शंखांवरचा दुसरा. निष्कर्ष असा की हा थर इओसीन काळाचा, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या काळातला.

इथे हिस्लॉप चुकले. आजच्या मोजणीप्रमाणे इओसीन काळ सुरू झाला 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि आपला काळा दगड त्याहून जुना निघाला. गोड्या पाण्यातली गोगलगाय हे जरा कच्चं नाणं आहे. तिच्या जाती दीर्घकाळ टिकतात आणि आपापल्या भागापुरत्या असतात, त्यामुळे परदेशातल्या यादीशी मेळ घालताना फसगत होते. कोळशाच्या भागातही असंच झालं. सिल्लेवाड्याच्या दगडात मिळालेल्या पानांच्या ठशांवरून तो दगड त्यांनी ज्युरासिक काळाचा धरला. पुढे कळलं की ती पानं 25 कोटी वर्षांहून जुनी आहेत.

टाकळीच्या बाबतीत चूक सुधारायला सव्वाशे वर्षं लागली. मधल्या काळात बिरबल साहनींसारखे मोठे शास्त्रज्ञसुद्धा वनस्पतींच्या आधाराने इओसीनच म्हणत राहिले. मग 1980 च्या दशकात टाकळीच्या त्याच थरात डायनासोरच्या अंड्यांची टरफलं मिळाली. दुसरीकडे प्रयोगशाळेत खुद्द काळ्या दगडाचंच वय मोजलं जात होतं. ती रीत अशी. लाव्हारसात पोटॅशियम असतं, त्यातला थोडा अंश अस्थिर असतो आणि ठराविक गतीने झिजतो. 125 कोटी वर्षांत तो निम्मा उरतो. झिजलेल्यातल्या काहीचा आरगॉन वायू होतो. रस पातळ असताना वायू उडून जातो. दगड घट्ट झाला की तो आत अडकतो, म्हणजे घड्याळ तिथून सुरू झालं. आत किती वायू साठला आणि किती पोटॅशियम उरलं हे मोजलं की दगड कधी गोठला ते निघतं. या आणि अशा दुसऱ्या रीतींनी आपल्या काळ्या दगडाचं वय साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं आलं. डायनासोर संपले तोच हा काळ.

हिस्लॉप यांच्या हातात हे घड्याळ नव्हतं. पदार्थांचा असा किरणोत्सार जगाला कळला 1896 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 33 वर्षांनी. त्यांच्याकडे हातोडा होता, घोडा होता आणि गावकऱ्यांच्या ओळखी होत्या. जे मिळालं ते त्यांनी जाणकारांकडे धाडलं. चंद्रपूरच्या बाजूला मांगलीला मिळालेली एका बेडकाच्या दूरच्या भाऊबंदाची कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची मोठाली हाडं त्यांनी गोळा केली, ते गाव आज डायनासोरसाठी ओळखलं जातं. मला विचाराल तर वयाच्या आकड्यापेक्षा हे काम मोठं. त्यांचा आकडा चुकला, पण टाकळीत त्यांनी दाखवलेला थर खरा होता, आणि नंतरच्यांनी तोच पुन्हा उकरला.

1863 च्या पावसाळ्यात मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला आले होते. मोठाले गोटे गोल मांडून त्यात पुरलेल्या त्या फार जुन्या समाध्या. तिथे खोदकाम झालं होतं. टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामी गेले. हिस्लॉप मात्र गावची शाळा तपासायला मागे थांबले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावर निघाले. वाटेतला नाला पुराच्या पाण्याने तुंबला होता. मुक्कामावर घोडा आला, त्यावर स्वार नव्हता. मशाली घेऊन शोध झाला आणि पाण्यात देह सापडला. चार दिवसांनी त्यांना 46 वर्षं पूर्ण झाली असती.

गोंड लोकांची भाषा आणि गाणी यांच्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलेले कागद टेंपल यांनी 1866 मध्ये छापून काढले. कॉलेज 1883 मध्ये सुरू झालं. आणि गोदावरीच्या खोऱ्यात मालेरीला सापडलेल्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याला 1885 मध्ये नाव मिळालं, पॅरासुकस हिस्लॉपी.