ज्युनियस स्मिथ : ग्रीनव्हिलच्या टेकड्यांवरील चहाचे स्वप्न

दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल हे गाव आज मोटार आणि टायर उद्योगांमुळे अनेक मराठी अभियंत्यांच्या परिचयाचे आहे. ब्लू रिज पर्वतरांगेच्या पायथ्याशी वसलेल्या या परिसरात पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका वृद्धाने चहाचा मळा फुलवण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचे नाव ज्युनियस स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म 1780 साली कनेटिकटमधील प्लिमथ येथे झाला. 1802 साली येल येथून पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. एका जहाजाच्या दाव्यानिमित्त ते लंडनला गेले आणि तेथेच व्यापारात स्थिरावले. 1832 साली शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडताना त्यांना सुमारे 54 दिवस लागले. त्या कंटाळवाण्या प्रवासातच, केवळ वाफेच्या बळावर महासागर नियमितपणे पार करता येईल, या विचाराने त्यांच्या मनात मूळ धरले. थट्टा आणि नकार पचवून त्यांनी कंपनी उभारली. एप्रिल 1838 मध्ये त्या कंपनीने भाड्याने घेतलेली ‘सिरियस’ ही आगबोट ‘ग्रेट वेस्टर्न’च्या काही तास आधी न्यूयॉर्कला पोहोचली. येलने त्यांना मानद पदवीने गौरवले; परंतु 1841 साली ‘प्रेसिडेंट’ ही बोट सर्व प्रवाशांसह समुद्रात नाहीशी झाली आणि कंपनी बुडाली. महासागरी टपालाचा मान आणि नफा सॅम्युअल क्युनार्ड यांच्या वाट्याला गेला.

अशा अपयशानंतर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. स्मिथ यांनी मात्र नवा मार्ग शोधला. त्यांची कन्या विवाहानंतर भारतात राहत होती. तिच्याकडून त्यांना चहाच्या लागवडीची माहिती मिळाली. आसाम आणि कुमाऊँमध्ये इंग्रजांनी चहा रुजवण्यास प्रारंभ केल्याचा तो काळ. हिमालयाच्या उतारांवर जे रोप तगते, ते अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशात का तगू नये, असा त्यांचा तर्क होता. 1848 साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी ग्रीनव्हिल येथे लागवड आरंभली आणि या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यांची रोपे हिमवर्षावातही जगली.

तथापि चहा केवळ हवामानावर पिकत नाही. एकेक कोवळे पान खुडणारे असंख्य हात त्याला लागतात. आशियात ते अल्प मोबदल्यात राबत होते, तर दक्षिण कॅरोलायनातील शेती गुलामांच्या श्रमांवर उभी होती. त्या वादाने पेटलेल्या प्रदेशात उत्तरेकडून आलेला माणूस संशयास पात्र ठरे. डिसेंबर 1851 मध्ये स्मिथ यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. ते गुलामगिरीचे विरोधक असल्याच्या संशयावरून तो झाला, असे सांगितले जाते. डोक्याच्या त्या जखमांतून ते सावरले नाहीत. जानेवारी 1853 मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले आणि मळा उजाड झाला.

त्यांच्या पश्चात चार्ल्स शेपर्ड यांनी 1888 साली याच राज्यातील समरव्हिल येथे चहाचा मळा वसवला. 1915 साली त्यांच्या निधनानंतर तोही ओसाड पडला. परंतु त्यातील झाडांचा वंश 1963 पासून वॉडमलॉ बेटावर वाढतो आहे. अमेरिकेच्या मातीत चहा रुजतो, हा स्मिथ यांचा विश्वास असा शतकानंतर खरा ठरला. समुद्र असो वा डोंगर, त्यांनी वाट दाखवली. फळ इतरांनी चाखले.