मुळशीची वीज मुंबईला गेली, पण एका इंजिनिअरने त्यासाठी तब्बल ७ वर्षं जेल भोगली

पुण्यात एसबी रोड म्हटलं की मॉल, ऑफिसं आणि ट्रॅफिक आठवतं. मुंबईत सेनापती बापट मार्ग म्हटलं की दादर, लोअर परळ आणि गर्दी. पण हे बापट नेमके कोण, आणि त्यांना सेनापती कुणी केलं?

या प्रश्नाचं उत्तर पुण्याजवळच्या मुळशीत आहे. आणि ते विजेशी जोडलेलं आहे.

आज एखाद्या गावाने ठरवलं तर जुनी मोटर, पाइपमधून कापलेली पाती आणि बॅटरी वापरून छोटी पवनचक्की उभी करता येते. चार दिवे लागतात, पण ते गावाचे असतात. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत मात्र उलटं झालं. वीज प्रचंड तयार होणार होती, पण गावासाठी नाही. उलट त्या विजेसाठी गावच पाण्याखाली जाणार होतं.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पोरगा मात्र हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९०४ मध्ये इंजिनिअरिंग शिकायला थेट स्कॉटलंडमधल्या एडिंबराला गेला.

तिथे बापटांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीर निबंध वाचला. परिणाम व्हायचा तोच झाला, शिष्यवृत्ती बंद पडली.

मग ते लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये आले. तिथे सावरकरांची गाठ पडली. पुढे हेमचंद्र दास यांच्यासोबत पॅरिसला जाऊन त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकून घेतली. १९०८ मध्ये ते भारतात परतले. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला आणि बापट भूमिगत झाले. काही वर्षांनी इंदूरमध्ये पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

पारनेरला परतल्यावर या परदेशात शिकलेल्या माणसाने काय करावं? हातात झाडू घेतला आणि गावातले रस्ते झाडायला सुरुवात केली. सफाईचं हे व्रत त्यांनी पुढेही सोडलं नाही.

इकडे टाटांच्या कंपनीची सह्याद्रीत जलविद्युत प्रकल्पांची रांग लागली होती. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं होतं. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत आणि कोळसा लांबून आणावा लागे. पाण्याची वीज स्वस्त पडणार होती.

कल्पना सोपी होती. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायचं. पूर्वेला वाहत जाणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा इथे सोडायचं. त्या वेगाने चाकं फिरतात आणि वीज तयार होते.

कागदावर हिशोब बिनचूक होता. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती.

ती म्हणजे मावळातली पन्नासच्या आसपास गावं. आंबेमोहोर तांदळाची खाचरं, देवळं, घरं, सगळं बुडणार होतं. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरून जमीन कंपनीला मिळवून द्यायचं ठरवलं. खासगी कंपनीच्या कामासाठी शेतकऱ्याची जमीन सक्तीने घ्यायची का, हा खरा वाद होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, न. चिं. केळकर अशी मंडळी या लढ्यात होती. कंपनीला काही महिने थांबावं लागलं. पण वर्ष सरता सरता काम पुन्हा सुरू झालं आणि अटकांचं सत्रही.

बापट यात उतरले ते शेवटपर्यंत टिकले. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते इथेच.

पण लढा आतून पोखरला जात होता. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकार आणि जमीनदारांच्या ताब्यात होत्या. त्यांना भरपाईचा आकडा पटला की विषय संपत होता. कसणाऱ्या कुळाच्या हाती मात्र काहीच उरणार नव्हतं. हळूहळू नेते बाजूला झाले, माणसं कमी झाली आणि धरणाची भिंत चढत गेली.

बापट वारंवार तुरुंगात जाऊन आले. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. रुळांवर दगड रचले होते आणि या वेळी हातात पिस्तूलही होतं. अहिंसक सत्याग्रहाची चौकट त्यांनी मोडली, यावर तेव्हाही टीका झाली. ७ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवलं गेलं.

ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. मुंबईला वीज मिळाली. मुळशीचा लढा हरला होता.

सुटल्यावरही बापट गप्प बसले नाहीत. भाषणं केली म्हणून पुन्हा जेल. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम केलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. मे १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेले असताना, गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ते पुढे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होतेच. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीच्या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. पुढे कोयना, नर्मदा असे प्रकल्प आले तेव्हा प्रश्न तेच होते. वीज कुणाला, जमीन कुणाची आणि विस्थापितांचं काय?

मुंबईतला सेनापती बापट मार्ग जुन्या गिरणगावातून जातो. ज्या गिरण्यांसाठी मुळशीचं पाणी वळवलं, त्यातल्या बहुतेक आज बंद पडल्यात. मुळशीचं धरण मात्र भरतंय, आणि त्याखाली बुडालेली गावं अजून तिथेच आहेत.