आपसूक उघडणारं दार

15 सप्टेंबर आला की इंजिनिअरिंगला शिकणारी आपली मुलं अभियंता दिन साजरा करतात. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण त्यांचं एक मोठं काम आपल्या महाराष्ट्रातच झालं आणि ते समजायला घरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा, 1860 सालचा. शाळेत असतानाच वडील गेले. घरची परिस्थिती बेताची. बंगळूरला दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत शिकवत ते 1881 मध्ये बी.ए. झाले. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. 1883 च्या परीक्षेत पहिला नंबर पटकावला. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवात नाशिकला, मग आपल्या शेजारच्या खानदेशात.

पुढे पुण्याला बदली झाली, तेव्हा खडकवासल्याचा प्रश्न समोर आला. पावसाळ्यात जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. भिंत वाढवावी तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर ताण. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दारं बसवायचं ठरवलं, पण आपोआप चालणारी. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला त्याला तोलणारं वजन. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की तोल फिरायचा आणि दार उघडायचं. पाणी उतरलं की दार बंद. मध्यरात्री पूर आला तरी कुणाला धावायला नको. 1903 मध्ये ही दारं बसली आणि भिंत न वाढवता सुमारे 8 फूट जास्त पाणी साठू लागलं. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

कुकरची शिट्टी हेच करते. वाफ वाढली की उचलली जाते, कमी झाली की बसते. मात्र अशा प्रत्येक यंत्रात एक धोका असतो. दार एकदम सताड उघडलं तर पाणी झपकन उतरणार, दार धाडकन मिटणार, पाणी पुन्हा चढणार. हे हेलकावे वाढतच गेले तर दारच मोडेल. म्हणून अभियंते यंत्राला एकच झटका देऊन पुढे काय होतं ते पाहतात. त्याला ते आवेग प्रतिसाद म्हणतात. पाळण्याला एक झोका द्या. तो हळूहळू थांबतो, म्हणजे स्थिर. झोके आपोआप मोठे होत गेले, तर तो पाळणा बाळासाठी नाही.

1908 मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा पुन्हा तसं होऊ नये म्हणून योजना आखायला त्यांनाच बोलावलं. 1912 ते 1918 ते म्हैसूरचे दिवाण होते. कृष्णराजसागर धरण त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. 1955 मध्ये भारतरत्न मिळालं.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीत होते. पुढच्या वर्षी, 14 एप्रिल 1962 ला ते गेले. दार कितीही शहाणं असलं तरी त्याच्या मापाबाहेरचा धक्का त्याला पेलत नाही, हे त्या दिवशी पुण्याने पाहिलं.

आपल्या जिल्ह्यात नळगंगा आहे, खडकपूर्णा आहे. पावसाळ्यात दारं उघडल्याची बातमी आली की आपण मुलांना घेऊन पाणी बघायला जातो. यंदा गेलात तर त्यांना दाराची ही गोष्ट जरूर सांगा. आणि हो, घरी आल्यावर कुकरच्या शिट्टीचं भोक साफ आहे ना, तेवढं बघा. अडकलेला एक भाताचा कणही तिचं काम बंद पाडू शकतो.