लोहारपुत्र मायकल फॅरडे

बंगळूरजवळील येलहंका येथे रेल्वेची चाके व आस घडविणारा कारखाना १९८४ पासून उभा आहे. तेथील विद्युत भट्ट्यांत भंगार पोलाद वितळविले जाते. भट्टीस लागणारा प्रचंड प्रवाह रोहित्रातून मिळतो. आणि रोहित्र म्हणजे एकमेकांस न जोडता एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातील शक्ती दुसऱ्यात कशी उतरते, हे ज्याने प्रथम जगापुढे मांडले, त्या देवभीरू पुरुषाचे चरित्र आज आपण पाहू या.

मायकल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडननजीक एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेमच. पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवारी करताना, बांधावयास आलेले ग्रंथच त्यांचे गुरू झाले. १८१३ साली ते सर हम्फ्री डेव्ही यांचे साहाय्यक म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाले. १८२१ साली सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्याच वर्षी सँडेमनियन नावाच्या लहानशा मंडळीत त्यांनी आपला विश्वास जाहीरपणे पत्करला.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी, लोखंडी कड्यावरील पहिल्या वेटोळ्यात त्यांनी प्रवाह सोडला. तत्क्षणी दुसऱ्या वेटोळ्याजवळील चुंबकसूची हलली व पूर्ववत झाली. प्रवाह तोडताच ती पुन्हा हलली. प्रवाह एकसारखा वाहत असता मात्र ती निश्चल राही. प्रवाहातील बदलच शेजारच्या वेटोळ्यास जागे करतो, हेच अन्योन्य प्रवर्तन. वेटोळे स्वतःच्या प्रवाहातील बदलासही विरोध करते. हे स्वयंप्रवर्तन अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली प्रसिद्ध केले. १८३४ साली फॅरडे यांनीही त्याचा शोध घेतला.

१८४० साली फॅरडे मंडळीचे वडील झाले. परंतु १८४४ साली मंडळीने शिस्तीखातर त्यांना काही काळ बाहेर ठेवले व त्यांचे वडीलपण गेले. युरोपभर गाजलेल्या या शास्त्रज्ञाने तरीही मंडळी सोडली नाही. ते परत आले, साधे सभासद म्हणून राहिले आणि १८६० साली पुन्हा वडील झाले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

वाचकहो, बदलाला अडविणारा स्वभाव केवळ तारेच्या वेटोळ्यातच असतो काय? आपल्या अंतःकरणातही तो नाही काय? फॅरडे यांनी मंडळीची शिस्त नम्रपणे सोसली. आपल्या जीवनात असा पालट दिसेल, तेव्हाच शेजाऱ्याचे मन जागे होईल.