आइनस्टाइन यांची पत्रे

अल्बर्ट आइनस्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म शहरात झाला. लहानपणी वडिलांनी त्यांना होकायंत्र दाखवले. कोणाचा हात न लागता सुई उत्तरेकडेच का वळते, हा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही.

प्रकाशाची ऊर्जा सुट्या कणांच्या रूपात असते, असे त्यांनी १९०५ साली मांडले. या कामासाठी त्यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस या तरुण प्राध्यापकांनी त्यांना पत्रासोबत आपला लेख पाठवला. आइनस्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापून आणला.

पुढे अणूंचे नवे शास्त्र, म्हणजे पुंजयामिकी, उदयाला आले. सूक्ष्म कण कोठे सापडण्याचा किती संभव आहे, एवढेच हे शास्त्र सांगते. आइनस्टाइन यांना ते अपुरे वाटे.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. आइनस्टाइन ज्यू होते. ते मायदेशी परतले नाहीत. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे राहिले. त्यांचे मित्र श्रोडिंगर हेही बर्लिन सोडून इंग्लंडला गेले. दोघांमध्ये आता समुद्र होता, पण पत्रे थांबली नाहीत.

१९३५ साली आइनस्टाइन यांनी एका पत्रात दोन झाकलेल्या डब्यांचे उदाहरण दिले. एका डब्यात चेंडू आहे. झाकण उघडण्यापूर्वीही तो एकाच डब्यात असतो ना? मग केवळ संभव सांगणारे शास्त्र पूर्ण कसे? श्रोडिंगर यांनी उत्तरात मांजराची कल्पना मांडली. पोलादी पेटीत मांजर आहे. एक अणू फुटला तर विष पसरेल. गणिताप्रमाणे, पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंतही आणि मेलेलेही! हा केवळ कल्पनेतला प्रयोग होता. खरे मांजर कोणी कोंडले नाही.

नील्स बोर यांना आइनस्टाइन यांचे म्हणणे पटले नाही. मतभेद कायम राहिले, तरी परस्परांविषयीचा आदर कमी झाला नाही. १८ एप्रिल १९५५ रोजी आइनस्टाइन यांचे निधन झाले.

१९६४ साली जॉन बेल यांनी या वादाची कसोटी घेण्याचा मार्ग शोधला. पुढील प्रयोगांचा निकाल आइनस्टाइन यांच्या अपेक्षेविरुद्ध गेला. या प्रयोगांसाठी २०२२ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. आइनस्टाइन यांचे उत्तर चुकले असेल. पण त्यांच्या प्रश्नानेच विज्ञानाला नवी वाट दाखवली.

शब्दार्थ
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र
संभव – शक्यता
मतभेद – मते वेगळी असणे
कसोटी – परीक्षा

प्रश्न
१. श्रोडिंगर यांनी कोणती कल्पना मांडली?
२. उत्तर चुकले तरी आइनस्टाइन यांचा प्रश्न मोलाचा का ठरला?